'सुस्वागतम्' लिहिलेलं बिडाचं गेट

आमच्याकडे नेहमी येणारी माणसं दाराबाहेर चपला काढून ठेवत नाहीत. काढतात, हातात घेतात आणि मग बेल वाजवतात. नवखा माणूस चपला दाराशी ठेवून विश्वासानं आत येतो, चहा पितो, गप्पा मारतो आणि अनवाणी घरी जातो. (चहा चांगला असतो, एवढंच त्याच्या पदरात पडतं.)

याला कारण पैलवान आणि हरणी. पैलवान हा लॅब्रॅडोर. तो सोफ्यावर बसला की सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपोआप उभा राहतो. हरणी मुधोळ जातीची शिकारी कुत्री, उंच, सडपातळ, लांब नाकाची. चेहऱ्यावर सदैव असा भाव, की या घरात काय चाललंय याच्याशी आपला काही संबंध नाही. प्रत्यक्षात जे चाललंय ते तिनंच सुरू केलेलं असतं. तिला सुचतं आणि पैलवान करतो. दोन्ही पिल्लं आमच्या लेकीनं आणली. "बाबा, माझी जबाबदारी!" असं ठणकावून सांगितलं आणि नोकरी लागल्यावर पुण्याला निघून गेली. आता रोज व्हिडिओ कॉल करून त्यांची चौकशी करते. आमचीही करते, पण त्यांची झाल्यावर.

घर वाचवण्याचे प्रयत्न आम्ही केले नाहीत असं नाही. आधी सगळ्या वस्तू खालून वर गेल्या. चपला कपाटावर, चष्मे खिडकीच्या वर, कचऱ्याची बादली माळ्यावर. (कचरा टाकायला स्टूल लागायचं.) मग पैलवाननं सोफ्याचे पाय कुरतडायला घेतले. कुणीतरी सांगितलं, पायांना काहीतरी तिखट लावा, कुत्रं तोंड लावत नाही. माझी बायको मंगल, तिनं घरचं कांदा-लसूण मसाल्याचं तिखट तेलात कालवून चारी पायांना चोपडलं. पैलवाननं वास घेतला, जीभ लावली, क्षणभर विचार केला आणि डोळे मिटून अख्खा पाय चाटून काढला. मग दुसरा. तिसऱ्याला हरणी येऊन बसली.

"कोल्हापूरची कुत्री हाईत ती," मंगल म्हणाली. "तुमी काय त्यास्नी तिखटाची भीती दाखवतायसा?"

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग दिवाळीला आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. वारणानगरला साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर तिथंच कॉलनीलगत दोन खोल्या बांधून राहिले. आई गेल्यावरही तिथंच. "आबा, आता आमच्याकडं चला," असं मी दर वेळी म्हणायचो आणि आबा दर वेळी "बघू की" म्हणायचे. त्या दिवाळीत पैलवाननं आबांच्या करकर वाजणाऱ्या चपला खाल्ल्या. एक नव्हे, जोडी. त्याच दिवशी हरणी त्यांच्या पांघरुणात शिरून झोपली आणि उठवायला गेल्यावर तिनं आबांनाच कूस बदलायला लावली. आबांनी पिशवी भरली.

"म्या येत न्हाय बघ तुझ्याकडं," ते दारातून म्हणाले. "ही कुत्री हायती तवर तर न्हाईच."

आणि गेले. आमच्या अण्णांची स्लीपर घालून गेले. (अण्णा आमचे शेजारी. शाहूपुरीत गुळाचं दुकान. आमच्याकडे येताना चपला हातात घेणारी पहिली पिढी त्यांचीच.)

पुढं थंडी संपता संपता आबा न्हाणीत घसरून पडले. सकाळी पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. दूधवाल्यानं हाका मारल्या, उत्तर आलं नाही, त्याला वाटलं झोपलेत. शेवटी पत्त्यांच्या डावाला आले नाहीत म्हणून त्यांचा मित्र बघायला गेला. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा चांगलाच दुखावला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकटं ठेवू नका आता." मी मान डोलावली. त्या ओल्या फरशीवर माझा बाप सकाळभर छताकडं बघत पडून होता, हे माझ्या डोक्यातून जाईना. काहीही करून आबांना घरी आणायचं, आणि आणल्यावर टिकवायचं, एवढं ठरलं.

"बघतो चार दिस राहून," आबा खाटेवरून म्हणाले. "न्हाय जमलं तर परत जाणार. आडवायचं न्हाय मला."

म्हणजे आबा राहणार की जाणार, हे कुत्र्यांवर आलं! आणि कुत्री तर लेकीची. त्यांना कुठं पाठवायचं म्हटलं असतं तर ती पुण्याहून मिळेल त्या एसटीनं आली असती आणि कुत्र्यांऐवजी आम्हालाच कुठंतरी पाठवून दिलं असतं. मग एकच मार्ग उरला. घराचे दोन भाग करायचे. पुढचा हॉल आणि व्हरांडा कुत्र्यांचा. मागं आबांची खोली, स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, हा माणसांचा. आणि दोन्हींच्या मध्ये गेट.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं सुतार बोलावून लाकडाचं हलकंसं गेट करून घेतलं असतं. पण मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. उभा जन्म लोखंड वितळवून साच्यात ओतण्यात गेलेला. माझ्या हाताखालनं ट्रॅक्टरचे भाग जातात, पंपांची कवचं जातात आणि मी कुत्र्यासाठी लाकूड वापरू? मी गेट बिडाचं ओतलं!

मालक भला माणूस. उरलेल्या धातूत ओतून घे म्हणाला. साचा बनवणाऱ्या आमच्या गड्याला चेव आला. त्यानं वर कमान काढली, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढली, आणि कुठल्याशा कार्यालयाच्या कामातनं अक्षरं उरली होती म्हणून कमानीत सुबक 'सुस्वागतम्' घालून टाकलं. मी म्हटलं, अरे, हे अडवायचं गेट आहे. तो म्हणाला, "साहेब, जागा मोकळी बरी दिसत न्हाय." तयार झालेलं गेट टेम्पोतून उतरवायला गल्लीतली सगळी गडीमाणसं लागली. ते भिंतीत बसवताना गवंड्यानं दोनदा विचारलं, "आत काय बैल बांधणार हाय?"

मंगल बँकेतनं आली. गेटासमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ओ, ह्ये घर हाय का कळंब्याचं जेल?"

"अगं, कळंब्याच्या दारावर सुस्वागतम् नसतं."

"मग तिथली माणसं बरी!"

पण गेटाची खरी कमाल होती खटक्यात. पहिला साधा होता. तो हरणीनं नाकानं उचलून संध्याकाळच्या आत उघडला आणि स्वयंपाकघरातलं लोणी पैलवानसह वाटून खाल्लं. मग मी डोकं लावलं. नवा खटका असा केला की तो हातानं वर उचलून धरायचा आणि त्याच वेळी खाली बाहेर आलेली लोखंडी खिटी पायानं दाबायची. दोन्ही एकदम झालं तरच गेट उघडणार. आणि सोडलं की स्वतःच्या वजनानं धाडकन बंद होणार. बिजागऱ्यांना मी उतारच तसा दिला होता. खिटी दोन्ही बाजूंनी, म्हणजे आतलाही माणूस उघडणार आणि बाहेरचाही.

"कुत्र्याला पाय चार असले तरी हात नसतात!" मी मंगलला समजावून सांगितलं. "वर आणि खाली एकदम, हे त्याच्या बापजन्मात जमणार नाही."

फौंड्रीत हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं.

माणसांना मात्र ते जमायला वेळ लागला. स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं की मंगल हॉलमधून धावत येऊन गेटाशी कसरत करायची आणि तोवर दूध शेगडीवरून खाली आलेलं असायचं. एका संध्याकाळी अण्णा हात धुवायला म्हणून आत गेले. मी आणि मंगल बाहेर व्हरांड्यात. बराच वेळ झाला तरी अण्णांचा पत्ता नाही. जाऊन बघतो तर स्वयंपाकघरात खाली बसून आमटी-भात खातायत.

"हाका मारल्या की म्या," अण्णा शांतपणे म्हणाले. "कुणी आलं न्हाय. म्हटलं, राहायचंच हाय तर जेवून घ्यावं."

मग आबा आले. काठी टेकत, गुडघ्याला पट्टा बांधून, रिक्षातनं उतरले. पैलवान आणि हरणी व्हरांड्यात साखळीला बांधलेली. आबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, त्यांनी मात्र शेपट्यांनी भिंत झोडपून काढली. आबा गेटापाशी आले. कमानीकडं बघत थांबले.

"ह्ये काय?"

"तुमच्यासाठी केलंय आबा. आता एक कुत्रं आत येणार नाही. बिडाचं आहे!"

"दिसतंय की," आबा म्हणाले. "बॉयलरचं झाकन लावलंय जणू."

मी उघडून धरलं, ते आत गेले, मागं धाडकन आवाज झाला. मला फार बरं वाटलं त्या आवाजानं.

पहिले काही दिवस विलक्षण शांततेत गेले. पैलवान हॉलमध्ये, आबा खोलीत. आबांचं काही खाल्लं गेलं नाही, कुणी त्यांच्या पांघरुणात शिरलं नाही. मी सकाळी शिरोलीला जायचो, मंगल बँकेत. संध्याकाळी आलो की आबा जिथं सोडले तिथंच असायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत.

"कसं वाटतंय आबा?"

"बरं हाय की."

"त्रास नाही ना कसला?"

"कसला त्रास? कोण हाय हितं तरास द्यायला?"

मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं! पण मंगल रात्री जेवताना म्हणाली, "मामा अर्ध्या भाकरीवर उठाय लागल्यात." (आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात.) मी म्हटलं, नवीन जागा आहे, रुळतील. मग एका संध्याकाळी खाटेखालची पिशवी वर आलेली दिसली. तिच्यात धोतर घडी घालून ठेवलेलं. आबांनी विचारलं, वारणेला जाणारी गाडी आता कुठनं सुटते? मी ठरवलं, कुत्र्यांच्या भुंकण्यानं आबांना झोप लागत नसणार. दुसऱ्या दिवशी गेटाच्या गजांना मागून पत्रा मारून टाकला. आता कुत्री दिसणारही नाहीत आणि आवाजही कमी येईल.

आणि चमत्कार झाला. दोन-तीन दिवसांत आबा बदलले! चेहऱ्यावर तजेला आला. पिशवी परत खाटेखाली गेली. संध्याकाळी मी आलो की स्वतःहून बोलायला लागले, गॅस महाग झाला, आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर कुणी नवं घर बांधतंय, असलं काहीबाही. (खोलीत बसून यांना हे कसं कळतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.) एवढंच नव्हे, त्यांनी मंगलला सांगितलं, "पोरी, दुपारला माझ्या ताटात दोन भाकरी जास्त ठेवत जा. भूक लागाय लागलीय."

मंगलचे डोळे भरून आले. मी तर फौंड्रीत छाती काढून फिरायला लागलो. "सगळं त्या गेटामुळं," मी सांगायचो. "म्हातारी माणसं आणि कुत्री, योग्य अंतर ठेवलं की दोघंही सुखी!" एकानं त्याच्या सासूबाईंसाठी तसलंच एक ओतून मागितलं. त्याच्याकडे कुत्रं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी एमआयडीसीत वीज गेली. भट्टी थंड, कामगार सुटले, मीही निघालो. घरी आलो. व्हरांड्यात पैलवान नाही. हॉलमध्ये हरणी नाही. गेट उघडं. उघडं म्हणजे सताड उघडं, ते आपोआप बंद होऊ नये म्हणून खाली पाटा टेकवलेला! आत धावलो. खोली रिकामी. न्हाणीचं दार उघडलं. तिथंही कुणी नाही. देवघरात, मागच्या अंगणात, कुठंच नाही. काठीसुद्धा नाही.

त्या चार-दोन मिनिटांत माणूस काय काय विचार करतो! कुत्री गेट तोडून सुटली असतील, आबा त्यांच्या मागं धावले असतील, त्या गुडघ्यानं! किंवा आबा चिडून पिशवी घेऊन निघाले असतील आणि कुत्री त्यांच्या मागं लागली असतील. पिशवी तर खाटेखालीच होती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मी फौंड्रीतल्या जड बुटांनिशी रस्त्यावर पळत सुटलो. अण्णा जेवायला घरी आले होते, दारात उभे राहून दात कोरत होते.

"अण्णा, आबा बघितले का? आबा न्हाईत घरात!"

"आबा व्हय?" अण्णांनी घड्याळाकडं बघितलं. "ह्या टायमाला चहाच्या गाड्यावर असत्यात की. रोजच असत्यात."

"रोज?"

"कुत्री घेऊन जात्यात. तुमाला म्हाईत न्हाय?" अण्णांनी माझ्याकडं जरा दयेनं बघितलं. "आख्ख्या कॉलनीला म्हाईत हाय."

चहाचा गाडा बागेच्या फाटकाशी. तिथं बाकड्यावर आबा बसले होते. दुखरा पाय लांब केलेला, आणि तो टेकायला खाली उशी म्हणून पैलवानचं पोट. पैलवान पाठीवर पसरून घोरत होता. हरणीची लांब हनुवटी आबांच्या मांडीवर. समोर कॉलनीतली सगळी निवृत्त मंडळी, आणि आबा बॉयलरची कुठलीशी हकीकत हातवारे करून सांगत होते. सांगता सांगता भाकरीचा तुकडा मोडून हरणीला देत होते. मला रोज सकाळी कॉलनीभर फरफटत नेणारी ही दोन जनावरं तिथं देवळातल्या माणसांसारखी शांत बसली होती! मी झाडाआड थांबलो. आबा हसत होते. असं हसताना आई गेल्यानंतर मी त्यांना बघितलं नव्हतं.

"आबा!"

"आलास व्हय? आज लवकर सुटलास? बस की. चा घे."

"गेट कुणी उघडलं आबा?"

"कुणी म्हंजे? ह्या दोघांनी."

मी पैलवानकडं बघितलं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि मिटला.

"आरं, पयल्या आठवड्यात म्या त्या गेटापाशी जाऊन हुबा ऱ्हायचो," आबा म्हणाले. "खटका उचलायचो. पर खिटी दाबाय पाय कुठला उचलू? एक पाय दुखरा, दुसऱ्यावर हुबा, काठीवर सगळा भार. ऱ्हायचो तसाच. पलीकडनं ही दोघं बघायची. तवर तू पत्रा मारलास, ते बी गेलं. मग म्या काठीनं ठोकलं पत्र्यावर. तर पलीकडनं ह्या जाड्यानं दिला पाय खिटीवर, हिनं नाकानं खटका वर केला आन् धाडदिशी दार उघडलं! म्या म्हटलं, बरं झालं देवा, घरात कुणाला तरी अक्कल हाय."

समोरची सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. गेट मी ओतलंय, हे त्यांना ठाऊक होतं.

मी एका कुत्र्याचा विचार केला होता. कुत्री दोन होती. एवढा साधा हिशेब मला, सुपरवायझरला, जमला नव्हता. आणि ज्याला जमणार नाही अशी ती युक्ती होती, तो घरातला एकुलता एक जीव माझा बाप निघाला! कुत्र्यांना अडवायला गेलो आणि आबांना कोंडून बसलो.

परत येताना आबांच्या एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला हरणी, दोघंही त्यांच्या काठीच्या चालीनं चालत होती. मी मागून. शेवटी मला राहवलं नाही.

"आबा, मग दिवाळीत असं का म्हणाला? कुत्री हायती तवर येणार नाही म्हणून?"

आबांनी हरणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग काय म्हणाय पायजे हुतं?" ते समोर बघत म्हणाले. "पोराच्या घरात दिसभर बोलाय कोण नसतं, म्हणून येत न्हाय म्हणू? तुमी दोघं कामावर जातायसा. जायलाच पायजे की. त्यात तुमची काय चूक? उगं तुझ्या जिवाला लागलं असतं. म्हणून कुत्र्यांचं नाव घेतलं. ती काय वाईट वाटून घेत न्हाईत."

लोखंड ओतताना साचा चुकला तर ते परत वितळवता येतं. पण माणूस आपल्यापाशी असताना त्याला आपण धड काही विचारत नाही. तो एक बोलतो, आपण तेवढंच धरतो आणि कामाला लागतो, कारण काम करणं आपल्याला जमतं. मला बिड ओतता येत होतं, म्हणून मी बिड ओतलं. पाच मिनिटं आबांच्या शेजारी बसून "खरं काय ते सांगा" एवढं विचारायला भट्टी पेटवावी लागली नसती. आबांनी माझं मन राखायला कुत्र्यांना नावं ठेवली आणि मी त्यांचं मन राखायला घरात भिंत घातली. आम्ही दोघंही एकमेकांना जपतच होतो, फक्त मध्ये गेट होतं.

येत्या रविवारी गेट काढायचं ठरलं. गवंडी म्हणाला, भिंत फुटल, वेल्डरला बोलवा. मी म्हटलं, ज्यानं बसवलं तो काढेल! सकाळी पाना, हातोडी घेऊन आतल्या बाजूनं बसलो. वरच्या बिजागरीचा बोल्ट काढला. गेट किंचित हललं. मला वाटलं, झालं. खालचा अर्धा काढला आणि एवढ्यात सगळं गेट करकरत खाली बसलं, तिरकं झालं आणि चौकटीत असं रुतलं की हालेना ना डुलेना. खटका वाकला. खिटी फरशीत घुसली. मी आत. बाकीचं सगळं घर बाहेर.

"मंगल! अगं मंगल!"

मंगल आली. पत्रा निसटला होता, त्यामुळं गजांमधून चेहरा तरी दिसत होता. तिनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि वेल्डरला फोन लावायला निघून गेली. वेल्डर जत्रेला गेलेला. संध्याकाळी येतो म्हणाला.

मी पैलवानला हाक मारली. हरणीला चुचकारलं. "ये गं माझी शहाणी, उघड बघू! पैलवान, पाय दे, पाय!" दोघं आली, नाकं लावून गेट हुंगलं, माझा हात चाटला आणि आबांच्या पायाशी जाऊन बसली. मी गज धरून हलवत होतो, ओरडत होतो. आवाज ऐकून अण्णा आले, चपला हातात घेऊन उभे राहिले. दिवसभर येणारेजाणारे येऊन 'सुस्वागतम्' वाचत होते आणि मग माझ्याकडं बघत होते.

आबा हॉलमध्ये खुर्ची ओढून गेटासमोर बसले. वारणेच्या मित्राला फोन लावला. "व्हय... न्हाय, येत न्हाय आता. खोली भाड्यानं दे कुणाला तरी. हितं बरं हाय. माणसं हायती... व्हय, पोरगा बी हाय, आज घरातच हाय."

ते ऐकून मी ओरडायचा थांबलो. गजाला कपाळ टेकवून मी तसाच उभा राहिलो. आबा आता कुठं जाणार नव्हते.

आबांनी फोन ठेवला, बिस्किटांचा पुडा फोडला. पैलवाननं बैठक मारली, हरणीनं बैठक मारली. त्यांना एकेक मिळालं. मीही गजातून हात बाहेर काढला. आबांनी माझ्याकडं बघितलं, पुडा जरासा मागं घेतला आणि म्हणाले,

"आदी गप खाली बस. मग मिळंल."

मी बसलो!